प्रतिध्वनीचे ग्रीक आणि लॅटिन शब्द : एखो, इमागो आणि बाकीचे

अश्मक

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लॅटिन शिकताना सध्या वित्रूवियसचं वास्तुकलेवरचं पुस्तक मुळातून वाचतोय. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातला इंजिनियर, पुस्तकाचे एकूण दहा भाग. पाचव्या भागात थिएटर कसं बांधावं ते सांगताना तो म्हणतो की जागा निवडतानाच तिथे आवाज कसा वागतो ते बघून घ्या, आणि मग आवाज परत येण्याचे चार प्रकार पाडतो, प्रत्येकाला एक लॅटिन नाव आणि एक ग्रीक नाव. ते वाचून मी इतका हरखलो की मग दोन्ही भाषांत प्रतिध्वनीला काय काय म्हणत होते ते शोधतच बसलो.

ग्रीकपासून सुरू करतो. तिथे जुना शब्द आहे एखे. अर्थ नुसता आवाज नाही तर मोठा आवाज, कल्लोळ, गाज. होमरकडे लढाईचा गलका म्हणजे एखे, वादळात झाडांच्या फांद्या एकमेकींवर आपटतात तीही एखे. त्यावरून विशेषण झालं एखेएस्सा. इलियडच्या पहिल्याच सर्गात अकिलीस भडकून अगामेम्नॉनला सुनावतो की ट्रॉयच्या लोकांनी माझं काय वाकडं केलंय, त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये तर सावल्यांचे डोंगर आहेत आणि गाजणारा समुद्र आहे. तिथे समुद्राला हाच शब्द. शिवाय परत येणाऱ्या आवाजाला होमरचं वेगळं क्रियापद आहे, कोनाबेओ. सैन्य ओरडतं आणि भोवतालची जहाजं दणाणतात, तिथे ते येतं. हे जास्त धातूच्या, लाकडाच्या दणक्याच्या अंगाने जातं, डोंगरातून येणाऱ्या साद-पडसादाच्या नाही.

एखे वरूनच एखो. हा खास परत आलेल्या आवाजाचा शब्द.

लॅटिनची गंमत अशी की रोमन लोकांकडे सोनारे म्हणजे वाजणे, त्याला "रे" लावून रेसोनारे, अशी क्रियापदं ढीगभर, पण त्या "वस्तू"ला स्वतःचं असं एकच नाव नाही. एक तर ग्रीक शब्द उचलून एको म्हणायचं, नाहीतर म्हणायचं इमागो. इमागो म्हणजे प्रतिमा, चित्र, मेणाचा मुखवटासुद्धा. "वोकिस इमागो" म्हणजे आवाजाची प्रतिमा, आणि बऱ्याचदा तर नुसतंच इमागो. रोमन कवी होरेसची एक कविता आहे, त्याचा आश्रयदाता माएकेनास याला उद्देशून. थिएटरात लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा नदीच्या काठांनी आणि व्हॅटिकन टेकडीच्या खेळकर इमागोने ती वाहवा तुला परत ऐकवली, असं तो म्हणतो. ऐकण्याच्या गोष्टीला बघण्याचा शब्द! माझ्या मते ग्रीक आणि रोमन कानांतला खरा फरक इथेच आहे. ग्रीकांना उलटून बोलणारं कुणीतरी ऐकू येतं, रोमनांना आपलाच आवाज आरशात दिसतो.

वित्रूवियसच्या चार प्रकारांबद्दल खाली प्रतिसादात लिहितो. तोवर कुणाला अजून काही शब्द, ओळी आठवत असतील तर टाका.

मीनाताई

सुंदर धागा. मला एक सांगा, एको नावाची अप्सरा होती ना, नार्सिससच्या प्रेमात झुरून जिचा फक्त आवाज उरला, तिच्यावरून हा शब्द आला असंच शाळेत ऐकलं होतं. मग आधी ती की आधी शब्द?

अश्मक

मीनाताई, आधी शब्द. होमरकडे एखे भरपूर आहे पण ही बाई कुठेच नाही. पॅन देवाच्या एका जुन्या स्तोत्रात अप्सरा गातात आणि डोंगरमाथ्याभोवती एखो कण्हते असं येतं, तिथेही ती बाई की नुसता आवाज हे सांगणं अवघड. पण शब्दाचं रूप बघा, शेवटी "ओ" असलेलं स्त्रीलिंगी नाम. लेतो, कॅलिप्सो, सॅफो ही सगळी बायकांची नावं अशीच. त्यामुळे ग्रीक कानाला एखो हा शब्द पहिल्यापासून एखाद्या बाईच्या नावासारखाच लागत असणार, गोष्ट मागून आली.

इ.स.पू. ४१२ मध्ये ग्रीक नाटककार युरिपिडीसने अँड्रोमेडा नावाचं नाटक आणलं, त्यात खडकाला साखळदंडांनी बांधलेली अँड्रोमेडा विलाप करते आणि गुहेतून एखो तिला उत्तर देते. ते नाटक आज फक्त तुकड्यांत उरलंय. पण लगेच पुढच्या वर्षी, ४११ मध्ये, विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसने आपल्या नाटकात त्याची फर्मास टर उडवली. युरिपिडीसचा नातेवाईक बायकांच्या उत्सवात बाईच्या वेषात घुसतो, पकडला जातो, त्याला फळीला बांधतात आणि वर पहारेकरी ठेवतात. मग आतून एखो बोलायला लागते, "गेल्या वर्षी याच जागी मीच युरिपिडीसला स्पर्धेत साथ दिली होती" म्हणते आणि पुढे प्रत्येकाच्या वाक्याचं शेपूट तेवढं परत म्हणत सुटते. पहारेकरी आवाजामागे धावून धावून वेडा होतो. तिथे ती स्वतःला "अंतोइदोस" म्हणवते, म्हणजे उलट गाणारी, गाण्याला गाण्याने उत्तर देणारी.

नार्सिससशी तिची जोडी आपल्यापर्यंत आणली ती रोमन कवी ओविडने, त्याच्या मेटॅमॉर्फोसिसच्या तिसऱ्या भागात, म्हणजे चारेकशे वर्षांनी.

वृत्तवेडा

ओविडचा विषय निघालाच आहे तर त्याची कारागिरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एको स्वतःहून काही बोलू शकत नाही, दुसऱ्याच्या बोलण्याचा शेवट तेवढा परत म्हणू शकते, हे बंधन त्याने कवी म्हणून स्वतःवर घालून घेतलंय. नार्सिसस हाक मारतो "एक्क्विस अदेस्त?", म्हणजे कोणी आहे? ती म्हणते "अदेस्त", आहे! मराठीत हे जसंच्या तसं बसतं, कारण आपलंही क्रियापद शेवटी. तो म्हणतो इथेच भेटू, ती म्हणते भेटू. मग ती पुढे येते तेव्हा तो झिडकारतो, की तुझ्या हाती स्वतःला देण्याआधी मी मरेन. आणि लॅटिन वाक्याची रचना अशी की शेवटचे तीनचार शब्द सुटे काढले तर नकार गळून पडतो आणि उरतं, माझं सगळं तुझ्या हाती. मी मराठीत असं करून बघितलं:

"मेलो तरच माझं सर्वस्व तुझं!"
"माझं सर्वस्व तुझं!"

शब्दाला शब्द नाही, पण अर्थ असाच उलटतो. शब्द तेच, पण शेपूट कापलं की त्याच्या तिरस्कारातून तिचं प्रेम बाहेर येतं.

ओविड तिला "रेसोनाबिलिस" म्हणतो. रेसोनारे या साध्या क्रियापदाला प्रत्यय लावून केलेलं विशेषण, उलटून वाजू शकणारी. सगळं पात्र एका विशेषणात आलं.

आणि व्हर्जिलचा नमुना तर याहून बारीक आहे. हेराक्लीसचा लाडका पोरगा हिलास पाणी आणायला जातो आणि झऱ्यातल्या अप्सरा त्याला आत ओढतात. खलाशी किनाऱ्यावर त्याला हाका मारतात, त्यावर व्हर्जिल लिहितो की सगळा किनारा "हिला, हिला" असा वाजत राहिला. आता वृत्ताच्या हिशेबात पहिल्या "हिला"चा शेवटचा स्वर गुरू आहे आणि दुसऱ्याचा तोच स्वर पुढच्या स्वराला टेकून लघू होतो. म्हणजे हाक गुरू आणि पडसाद लघू! मोरोपंत वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको की हे किती अवघड आहे. मोठ्याने म्हणून बघा, दुसरी हाक आपोआप विरते.

मीनाताई

वृत्तवेडा, म्हणून बघितलं, अंगावर काटा आला. हिलासची गोष्ट ग्रीकमध्येही आहे का?

वृत्तवेडा

हो, थिओक्रिटस या ग्रीक कवीकडे. तिथे हेराक्लीस तीनदा ओरडतो, पोरगा तीनदा ओ देतो, पण पाण्यातून आवाज इतका बारीक येतो की अगदी जवळ असून लांब असल्यासारखा वाटतो. तिथे एखो शब्द नाही, प्रतिध्वनीही नाही, खरंच ओ देतोय तो. हेराक्लीसला तेवढं कळत नाही.

घाटवाट

+१ वाचतोय. वाचनखूण साठवली.

अश्मक

आता वित्रूवियस, कबूल केल्याप्रमाणे. चार प्रकार असे.

पहिला डिस्सोनान्तेस, ग्रीकमध्ये कातेखून्तेस. आवाज वर जातो, कठीण पृष्ठभागावर आपटतो आणि खाली येऊन मागून चढणाऱ्या आवाजाला दाबतो. दुसरा किर्कुमसोनान्तेस, ग्रीक पेरिएखून्तेस. आवाज गोल गोल फिरत राहतो, मध्येच विरघळतो आणि शब्दांचे शेवट ऐकूच येत नाहीत. तिसरा रेसोनान्तेस, ग्रीक आन्तेखून्तेस, म्हणजे आपला नेहमीचा प्रतिध्वनी. आवाज आपटून उलटा येतो, प्रतिमा उमटवतो (बघा, इथेही इमागो!) आणि शब्दांचे शेवट दोनदा ऐकू येतात. चौथा कोन्सोनान्तेस, ग्रीक सुनेखून्तेस, हा चांगला. खालून आधार मिळून आवाज वाढत वर चढतो आणि शब्द स्वच्छ कानात येतात.

आता मुद्दा. "शब्दांचे शेवट" असं मी लिहिलं खरं, पण वित्रूवियसचा शब्द आहे कासूस, म्हणजे विभक्ती! दुसऱ्या प्रकारच्या जागेत शेवटच्या विभक्ती गायब होतात आणि तिसऱ्यात त्या दुप्पट होतात, असं तो म्हणतो. लॅटिनमध्ये कर्ता कोण न् कर्म कोण हे सगळं शब्दाच्या शेपटीत असतं आणि शब्द वाक्यात कुठेही ठेवता येतात. आपल्याकडे "घराला", "घरातून", "घराचा" यातलं शेवटचं अक्षर खाल्लं तरी वाक्यातल्या जागेवरून बरंचसं कळतं. तिथे शेपूट गेलं की कोणी कोणाला मारलं तेच कळणार नाही. नाटकाला आलेल्या माणसाला प्रतिध्वनीचा त्रास नेमका कुठे होतो हे या माणसाने व्याकरणात सांगितलंय. इंजिनियरने विभक्तीची काळजी केलेली मला दुसरीकडे कुठे आढळली नाही.

खर्ज_निषाद

मी लाइव्ह साउंडमध्ये काम करतो, ग्रीक-लॅटिन शून्य, पण अश्मकभाऊंचे हे चार प्रकार वाचून ताठ बसलो. कारण हे चारही आम्हाला रोज भेटतात फक्त नावं वेगळी. त्याचा दुसरा प्रकार म्हणजे रिव्हर्ब जास्त असलेला हॉल, आवाज घुमत राहतो आणि एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर बसते. तिसरा म्हणजे मागच्या सपाट भिंतीवरून येणारा सुटा इको. चौथा म्हणजे जवळचं रिफ्लेक्शन, जे मूळ आवाजाच्या पाठोपाठ इतक्या लवकर येतं की कान ते वेगळं धरतच नाही, उलट मूळ आवाजच भरदार वाटतो. साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत आलं तर बोलण्याला मदत, त्यानंतर आलं तर नुकसान, हा आमचा ढोबळ हिशेब. भाषणाच्या हॉलमध्ये घुमारा एका सेकंदाच्या आसपास ठेवायला धडपडतो आम्ही, नाहीतर वक्ता कितीही खणखणीत असो, मागच्या रांगेत लापशी पोचते. मीटर नाही, माइक नाही, नुसत्या कानाने या माणसाने हे वेगळं काढलं आणि वेगवेगळी नावं दिली, मानलं. एकच विचारायचं आहे, त्याने त्यावर उपाय काही दिलेत का, की नुसतं वर्णनच?

अश्मक

खर्ज_निषाद, दिलेत की! पहिला उपाय जागाच चौथ्या प्रकारची निवडा. दुसरा, काशाची भांडी. ग्रीकमध्ये त्यांना एखेइया म्हणत, पुन्हा तेच एखे. प्रेक्षकांच्या बैठकींमध्ये कोनाडे करायचे, त्यात भांडी उपडी ठेवायची, भिंतीला टेकू द्यायची नाहीत, स्टेजच्या बाजूने खाली अर्धा फूट उंचीची पाचर लावून जरा उचलून धरायची. थिएटर लहान असेल तर तेरा कोनाड्यांची एक रांग, मोठं असेल तर तीन रांगा. आणि प्रत्येक भांडं सुरात लावलेलं, चौथ्या-पाचव्या सुराच्या अंतरांनी, दोन सप्तकांपर्यंत. पैसे नसतील तर मातीचे रांजण वापरा, लहान गावांत लोकांनी ते करून चांगला गुण घेतलाय, असंही सांगतो. रोममध्ये हे का दिसत नाही याचं उत्तरही देतो, की तिथली थिएटरं लाकडी असतात आणि लाकूड स्वतःच बोलतं. पुरावा काय, तर वीणेवर गाणारे गायक वरच्या पट्टीत गायचं असलं की स्टेजच्या मागच्या लाकडी दारांकडे तोंड करतात!

खर्ज_निषाद

दाराकडे तोंड करून गाणं शंभर टक्के पटलं, असे गायक आजही बघतो. भांड्यांचं तत्त्वही कळतं, सतारीच्या तरफा जशा न छेडता आपापल्या सुराला बोलतात तशी ही भांडी बोलणार. पण माझं मत असं की त्याने आवाज "वाढणार" नाही. भांडं जे परत देणार ते आलेल्या आवाजातूनच, आणि तेही त्याच्या एकाच सुराचं. गाण्यात एखादा सूर जरा रेंगाळेल, छान वाटेल. संवादाला उपयोग शून्य.

तपासनीस

पण ही भांडी खरंच होती का? की पुस्तकातलीच?

अश्मक

वित्रूवियस नाव घेऊन सांगतो की लुकियस मुम्मियसने कॉरिंथ उद्ध्वस्त केलं (इ.स.पू. १४६) तेव्हा तिथल्या थिएटरमधली काशाची भांडी रोमला आणली आणि लूना देवीच्या देवळात वाहिली. म्हणजे रोमन वाचकाला ती लुटीतली वस्तू म्हणून माहिती होती. काशाला लुटारूंपासून आणि भट्टीपासून सुटका नाही त्यामुळे आज हातात काही नसलं तर मला नवल वाटत नाही. मातीच्या भांड्यांची कल्पना मात्र टिकली, युरोपातल्या कितीतरी मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत अशी मडकी बसवलेली सापडली आहेत.

मोहोळ

माझा मधमाश्या पाळायचा उद्योग आहे, म्हणून एक भर घालतो. लॅटिनमध्ये मधमाश्यांवर लिहिणारे सगळे एक सल्ला हमखास देतात की पेट्या प्रतिध्वनी येतो तिथे ठेवू नका. शेतीवर लिहिणारा वारो म्हणतो इमागो उठतात अशी जागा टाळा, त्या आवाजाने माश्या पळतात. व्हर्जिल तर शेतीवरच्या काव्यात मोठी सुंदर ओळ लिहितो, की पोकळ खडक आघाताने वाजतात आणि आवाजाची प्रतिमा ठेच लागून उडी मारून परत येते, तिथे पोळं नको. क्रियापद आहे रेसुल्तात, मागे उडी मारणे. इंग्रजीतलं रिझल्ट त्याचंच पोर, हे मला इथल्याच एका जुन्या चर्चेत कळलं होतं.

आता अनुभवाचं सांगायचं तर माश्या हवेतला लांबचा आवाज आपल्यासारखा ऐकत नाहीत, त्यांना पोळ्यातली थरथर कळते. डोंगराच्या कुशीत, हाकेला ओ मिळते अशा जागी माझ्या पेट्या आहेत, कधी तक्रार नाही. वारा, ऊन आणि मुंग्या हे तीन शत्रू सांभाळले की झालं. पण विशेष हे की तेच व्हर्जिल महाशय पुढे सांगतात की उठलेला थवा खाली बसवायचा तर झांजा वाजवा! ॲरिस्टॉटलने त्याही आधी लिहून ठेवलंय की लोक खापऱ्या-खडे वाजवून माश्या गोळा करतात, पण त्यांना ऐकू येतं की नाही, आणि आनंदाने जमतात की भीतीने, हे नक्की नाही. तो माणूस बघून लिहायचा, हे यातून दिसतं.

अश्मक

मोहोळदादा, फार मोलाची भर. ॲरिस्टॉटलचं आत्म्यावरचं लिखाण आहे त्यातही एखोची व्याख्या आहे. भांड्यासारख्या बंदिस्त जागेत हवेचा एकसंध गोळा होतो आणि बाहेरची हलणारी हवा त्यावरून चेंडूसारखी उलटते, असं त्याचं म्हणणं. पुढचं वाक्य मला जास्त आवडतं: प्रतिध्वनी बहुधा सगळीकडेच होत असतो, फक्त स्पष्ट नसतो. उजेडाचंही तेच, तो सतत परतत असतो, नाहीतर ऊन पडतं तेवढी जागा सोडून बाकी सगळा अंधारच झाला असता.

खर्ज_निषाद

"सगळीकडेच होत असतो" हे वाक्य आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे.

सालसेतकर

गोव्यातून लिहितो. अश्मकांनी वर पहिल्या प्रकाराचं ग्रीक नाव दिलंय कातेखून्तेस. त्याचं क्रियापद कातेखेओ, वरून खाली आवाज टाकणे, आणि त्याचाच पुढे अर्थ झाला तोंडी शिकवणे. बायबलच्या नव्या करारात तो याच अर्थाने येतो. त्यातूनच कॅटेकिझम, म्हणजे चर्चची प्रश्नोत्तरांतली धर्मशिकवण, जिला पोर्तुगीजांमुळे आमच्याकडे दोतोर्न म्हणतात. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, ते मराठी वाचकांना माहीत असतं. पण त्याचं कोंकणीतलं दौत्रीन क्रिस्तां त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेही गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांत. गुरूने म्हणायचं, पोरांनी परत म्हणायचं. वित्रूवियसच्या लेखी आवाज दाबून टाकणारी वाईट जागा आणि चर्चच्या लेखी शिकवण्याची रीत, एकाच क्रियापदातून दोन्ही निघाले.

तपासनीस

हे अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद सालसेतकर.

मला आकड्याचं विचारायचंय. प्रतिध्वनी "सात वेळा" येतो असं जुन्या लिखाणात फार दिसतं. सातच का?

अश्मक

खरंय. ऑलिंपियात एक लांबलचक ओसरी होती, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यातली, तिला हेप्ताफोनोस म्हणजे सप्तस्वना म्हणत. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहितो की तिथे माणूस ओरडला की आवाज सात वेळा परत येतो, कधी त्याहून जास्त. रोमन लेखक प्लिनी तेच सांगतो आणि किझिकस शहरात वेशीजवळच्या सात बुरुजांची भर घालतो, तिथल्या त्या नवलाचं नावच ग्रीकांनी एको ठेवलं होतं. ग्रीक लेखक प्लुटार्क बडबड्या माणसाला त्या ओसरीची उपमा देतो, की एक शब्द टाकला की थांबतच नाही. रोमन कवी लुक्रेशियस मात्र सावध आहे, एका हाकेला सहा किंवा सात वेळा उत्तर देणाऱ्या जागा मी बघितल्यात म्हणतो. आणि पुढे, तिथले गावकरी याला वनदेव, अप्सरा आणि पॅनच्या बासरीची करणी मानतात, पण हे फक्त आवाजाचं आपटून येणं आहे, असं सांगून तो मोकळा होतो. मला वाटतं सात हा पवित्र आकडा म्हणून चिकटला असावा. ऑलिंपियाच्या ओसरीचा आता पायाच उरलाय, सुमारे ९८ मीटर लांबीचा, त्यामुळे ओरडून मोजायची सोय नाही.

खर्ज_निषाद

९८ मीटर म्हणजे एका टोकाला टाळी वाजवली तर लांबच्या भिंतीवरून परत यायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. एवढ्या वेळात एखादा छोटा शब्द आरामात सुटा ऐकू येतो. दोन्ही टोकांना दगडी भिंती आणि वर छप्पर असेल तर तोच आवाज इकडून तिकडे चारपाच फेऱ्या नक्की मारेल, सातवी फेरी ऐकायला आजूबाजूला चिटपाखरू नको. पण खेळांच्या गर्दीत कोण ऐकणार, त्यामुळे पॉसेनियस तिथे शांत दिवशी गेला असणार.

मीनाताई

अश्मक, उच्चाराचं राहिलं. आपण एको म्हणतो, तुम्ही एखो लिहिताय.

अश्मक

मीनाताई, जुन्या ग्रीकमध्ये त्या अक्षराचा उच्चार खरोखरच आपल्या "ख"सारखा होता, हवा सोडून म्हटलेला क. इंग्रज, फ्रेंच विद्यार्थ्यांना तो मुद्दाम शिकवावा लागतो, मराठी माणसाला आपसूक येतो. तसेच "थ" आणि "फ". रोमन लोकांकडे तो आवाज नव्हता, त्यांनी लिहिताना सीएच लिहिलं आणि बोलताना बहुतेकांनी क केलं, तिथून आपल्याकडे एको. आजचे ग्रीक लोक त्याच शब्दाला इहो म्हणतात. देवनागरीत होमर लिहून वाचायला घ्या, रोमन लिपीपेक्षा तोंडात चांगला बसतो. पुढच्या आठवड्यात इलियडच्या पहिल्या पन्नास ओळी अशा लिहून इथे टाकतो, गाजणाऱ्या समुद्राच्या काठाने तो म्हातारा पुजारी गुपचूप निघून जातो तो भाग त्यातच येतो.